मागची ओळ वाचा, बाई

आपा, तुमचं मोराचं पीस माझ्याकडं राहिलंय. पुस्तकात ज्या पानावर तुम्ही ठेवलं होतं तिथंच आहे, मी हलवलेलं नाही. तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. दुपारचे तीन वाजले की मी अजूनही दोघींचा चहा टाकते आणि मग तुमच्या वाटचाही मीच पिते. पित्त होतं, पण ओतून देववत नाही.

तुमचा जन्म कुठला, लेकरं किती, नातवंडं किती, हे लिहायला मी बसलेली नाही. ते सगळ्या गल्लीला पाठ आहे. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती. दोन वर्षं सांगायची होती, आणि रोज दुपारी तुम्ही समोर बसलेल्या असताना मी ती सांगितली नाही. आता कागदावर सांगते आहे. बैल गेला अन् झोपा केला, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण आधी सगळं ओळीनं येऊ द्या, कारण मधलीच ओळ उचलायची नाही हे तुम्हीच मला शिकवलंत.

सुरुवात दत्तानं केली. दत्ता म्हणजे माझा धाकटा भाऊ, आमच्या गावाकडं शेती बघतो. एके दिवशी त्यानं मोबाईलवर एक चित्र पाठवलं. त्यात लाल अक्षरांत एकच ओळ होती : सापडतील तिथं त्यांना ठार करा. खाली कुराणाचं नाव, आणि त्याखाली दत्तानं स्वतः लिहिलेलं, 'ताई, वाच तुझ्या शेजारणीचं पुस्तक.'

आपली केजमधली घरं पाठीला पाठ लावून. वीस वर्षांत भिंतीवरून कढीपत्ता गेला, शीरखुर्मा आला, पुरणपोळ्या गेल्या, तुमच्या माहेरच्या सीताफळांची पाटी आली. पुस्तक मात्र कधी आलं-गेलं नव्हतं. सकाळी गल्लीतल्या पोरींना तुम्ही कुराण वाचायला शिकवायच्या, त्यांचा एका लयीतला आवाज माझ्या स्वयंपाकघरात यायचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेली बाई. मला जशी वर्गातल्या कवितेची ओळ न ओळ कळते तशी तुम्हाला त्या पुस्तकाची कळत असणार, असा माझा पक्का समज. म्हणून मोबाईल घेऊन मी तरातरा तुमच्या दारात आले. माझा सूर कॉपीची चिठ्ठी पकडलेल्या मास्तरणीचा होता, हे आज कबूल करते.

तुम्ही चष्मा पुसून लावला. ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग मोबाईल माझ्या हातात परत देऊन म्हणालात, "म्हाइत न्हाई, बाई."

"माहीत नाही कसं? तुम्ही शिकवता ना?"

"वाचाया शिकवते. अक्षर लावायचं, आवाज कुठनं काढायचा, कुठं थांबायचं, ते समदं शिकवते. अर्थ मला कुणी शिकवला न्हाई. आमच्या गावात मराठी शाळा, चौथीपस्तोर. उर्दू अक्षर लागतं, पर मोठ्या किताबातली जड उर्दू डोक्यावरनं जाती."

मला वाटलं, टाळताय. तेवढ्यात तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "मलाच भ्या वाटतंय बाई. खरंच असंल तर?"

माझा सगळा तोरा तिथंच उतरला. पन्नास वर्षं रोज पहाटे जे तोंडातून गेलं, त्यात नेमकं काय आहे याची धास्ती एखाद्या बाईला वाटू शकते, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मुसलमान म्हटला की त्याला अरबी कळतं, असं मी धरून चालले होते. मी स्वतः रोज सकाळी जे संस्कृत म्हणते त्यातलं मला निम्मं कळत नाही, हे तेव्हा आठवलं नाही. कुसळ आणि मुसळाची गोष्ट मी मुलांना दरवर्षी समजावून सांगायची.

पुढच्या आठवड्यात माझे डोळे दाखवायला आपण दोघी अंबाजोगाईला गेलो आणि येताना दुकानातून मराठी भाषांतर घेऊन आलो. एका बाजूला अरबी, दुसऱ्या बाजूला मराठी, असा जाडजूड ग्रंथ. एसटीत बसायला एकच जागा होती. तुम्ही बसलात, ग्रंथ मांडीवर नाही, दोन्ही हातांनी छातीशी धरून, आणि भाजीची पिशवी माझ्या हातात. केज येईपर्यंत तुम्ही हात खाली घेतला नाही.

पहिल्या दिवशी मी काय केलं ते आठवतंय ना? घरात पोथी आली की आधी पाट मांडायचा, एवढं मला कळतं. मी पाट मांडला, धुतलेलं वस्त्र घातलं, त्यावर ग्रंथ ठेवला, जास्वंदीचं फूल वाहिलं आणि कुंकवाचा करंडा उघडला. तुम्ही वजू करून, म्हणजे रीतीनं हात-पाय-तोंड धुऊन, आलात आणि दारातच थबकलात.

"बाई, ह्याला कुंकू न्हाई लागत."

"मग काय लागतं?"

"तुमचे हात धुवा, पिठाचे हायत. बस."

मग तुम्हाला हसू फुटलं आणि ते खोकल्यापर्यंत गेलं. फूल मात्र तुम्ही टाकून दिलं नाही, खिडकीत ठेवलंत. मी हात लावलेला चालेल का, हेही मी भीत भीत विचारलं होतं. त्यावर वेगवेगळी मतं आहेत असं तुम्ही म्हणालात, आणि मग आपल्यापुरता निकाल दिलात : अरबीचं पान तुम्ही उलटायचं, मराठी मी वाचायची.

मी पान उघडलं तेही उलट्या बाजूनं. मराठी पुस्तक उघडायची सवय, दुसरं काय. पहिलंच प्रकरण चार-सहा ओळींचं, त्यात माणसांच्या पालनकर्त्याचा आसरा मागितलेला. मी म्हटलं, वा, सुरुवात छान आहे, आटोपशीर. तुम्ही म्हणालात, "बाई, हा शेवट हाय." मी ओशाळले. पण तुम्ही लगेच म्हणालात की पोरीही तिथूनच सुरू करतात, कारण शेवटची प्रकरणं लहान, जिभेवर लवकर बसतात. पुढं आपल्याला हेही कळलं की ग्रंथ ज्या क्रमानं उतरला त्या क्रमानं तो लावलेलाच नाही. मोठी प्रकरणं आधी, लहान मागं, साधारण असं. मागची बरीचशी तर आधीची आहेत. म्हणजे माझी चूक निम्मी बरोबर निघाली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे पुस्तक वाचायला मजा येणार आहे.

ती लाल ओळ सापडायला दोन दुपारी गेल्या. सापडली तेव्हा तुम्ही माझा हात दाबून धरलात. "ती न्हाई, बाई. आधी मागची ओळ वाचा." मी मागची वाचली. जे तुमच्याशी लढतात त्यांच्याशी लढा, पण हद्द ओलांडू नका, हद्द ओलांडणारे देवाला आवडत नाहीत, अशा अर्थाची. मग ती ओळ. मग पुढची : ज्यांनी तुम्हाला घरांतून हाकललं त्यांच्याबद्दलची. आणि ते थांबले तर देव क्षमा करणारा आहे. पुढं त्या प्रसंगाची टीप होती, कोण कुणाशी लढत होतं, कुठं, का. तुम्ही सगळं ऐकलंत आणि पदरानं तोंड पुसलंत. म्हणालात, "लढाईचीच हाय गोष्ट. गोड न्हाई. पर तुमच्या दत्तानं दरवाजा, चौकट सोडून नुसती कडी पाठवली."

मी दत्ताला फोन केला नाही. का केला नाही, त्याचं उत्तर पुढं येईल.

त्या दिवसापासून आपली रीत पडली. तीनला चहा, मग दीड-दोन पानं, आणि असरच्या, म्हणजे दिवस कलतानाच्या, अजानला बंद. भाषांतराची मराठी इतकी जड की मलाच कोश काढावा लागायचा. 'ईशपरायण' आलं की तुम्ही विचारायच्या, "म्हंजे कोण?" मी सांगायची, देवाला स्मरून वागणारा. "मंग असं म्हणा ना. आमच्यात तक्वा म्हणत्यात." मी मराठीचं मराठी करून सांगायची आणि तुम्ही त्यातला प्रसंग सांगायच्या. दोघींपैकी एकटीला ते पुस्तक कळणं शक्यच नव्हतं.

आणि तुमचं ते 'कावून'. मरियमच्या नावाचं अख्खं प्रकरण हाय, ते कावून? मी तर प्रेषितांचं चरित्र वाचायला मिळणार म्हणून बसले होते, आणि त्यांचं नाव हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. मूसाचं मात्र पानोपानी. कावून? मधेच देव 'आम्ही' म्हणतो, मधेच 'मी', कावून? माझ्या वर्गात एवढे प्रश्न विचारणारी पोर असती तर मी तिला बाकावर उभी केली असती. तुम्ही प्रश्न कागदावर लिहून मौलानांकडं पाठवायच्या आणि उत्तराची वाट बघायच्या.

मला वाटायचं, मौलाना म्हणजे पंचांग. विचारलं की एकच उत्तर, त्यावर शिक्का. तसं निघालं नाही. उत्तर यायचं ते असं : अमक्या जुन्या भाष्यकाराचं मत हे, तमक्याचं ते, मला हे पटतं, आणि अल्लाह जास्त जाणतो. प्रत्येक उत्तराच्या शेवटी हे शेवटचं वाक्य. मी विचारलं, ही पळवाट का? तुम्ही म्हणालात, रीतच आहे; मोठमोठे आलिम, धर्माचे पंडितसुद्धा, असंच लिहून खाली सही करतात. आपा, तीस वर्षांत मी एकाही कवितेच्या अर्थाखाली असं म्हटलं नव्हतं. मी सांगेन तोच अर्थ, तोच पेपरात लिहायचा.

आता ते पान येतंय.

त्या दुपारी आपण बायकांच्या नावाच्या प्रकरणात होतो. मी वाचत होते, तुम्ही शेंगा सोलत होतात. वारशाच्या वाट्याचा मजकूर आला : मुलाचा वाटा दोन मुलींइतका, आणि पुढं कुणाला किती ते सगळं. मी वाचत पुढं गेले. तुम्ही म्हणालात, "थांबा."

शेंगांचं सूप बाजूला सारून तुम्ही अरबीच्या बाजूला बोट ठेवलंत आणि तोच मजकूर तोंडपाठ म्हटलात. पहिल्यांदा तुमच्या नेहमीच्या चालीत. मग पुन्हा, अगदी हळू, चाल सोडून. "हे?" तुम्ही विचारलंत. "हे म्हंजे हे? हे मी किती पोरींना शिकवलं बाई. अम्मी गेली तवा तिच्या उशाशी म्हणलं."

तुमचे अब्बा जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. तुमचा भाऊ युनूस, नेकनूरला जळालेल्या पाण्याच्या मोटारींना नवी तार भरून देण्याचं त्याचं दुकान. त्याचा निरोप आलेलाच होता की बीडला जाऊन हक्कसोडाची, जमिनीतला वाटा सोडल्याची, सही करायची आहे. तुम्हाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. बहिणी भावांना माफ करतात, पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या.

आणि मी काय म्हटलं? तुमचा चेहरा समोर असताना मी म्हटलं, "पण अर्धाच?"

तुम्ही सांगितलंत की भावावर घर पोसायची जबाबदारी असते, बाईला लग्नात नवऱ्याकडून मिळालेल्या मेहरवर कुणाचा हक्क नसतो, म्हणून तसं. मी म्हटलं, आजच्या काळात कोणता भाऊ बहिणीला पोसतो? तुम्ही म्हणालात, "ते मला म्हाइत न्हाई. विचारीन. पर अर्धा म्हंजे शून्य न्हाई ना, बाई." मग विचारलंत, "तुमच्यात?"

"आमच्यात बरोबरीनं. कायदाच आहे."

"मंग तुमी घेतला?"

आपा, हीच ती गोष्ट. मी म्हटलं, "घेतला ना."

मी घेतला नव्हता. आमचे आप्पा गेल्यावर चौदाव्या दिवशी मी इथंच केजच्या कचेरीत जाऊन हक्कसोडावर सही केली होती. दत्तानं एक साडी दिली, हॉटेलात जेवायला घातलं, आणि आईनं पाठीवरून हात फिरवून म्हटलं, शहाणी गं माझी बाय. मला वाईटसुद्धा वाटलं नव्हतं. माहेर राहिलं, एवढंच वाटलं होतं. ते राहावं म्हणूनच त्या लाल ओळीवरून मी दत्ताला फोन केला नव्हता. पण त्या दुपारी मी इतकी उंच जाऊन बसले होते की खाली उतरायला शिडीच नव्हती. आमचा कायदा, आमची बरोबरी, आणि मी नुसती साडी घेऊन आलेली. विद्यार्थिनीसमोर बाईला उत्तर चुकवता येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी मूठ झाकली.

तुम्ही माझ्याकडं कौतुकानं बघितलंत. ती नजर मला अजून छळते.

युनूस पुढच्याच रविवारी जीप घेऊन आला. तुम्ही भिंतीवरून हाक मारलीत, "बाई, जरा पुस्तक घेऊन या." मी आले तर खाटेवर नवी साडी आणि मिठाईचा पुडा. युनूसनं डोक्यावर रुमाल बांधला आणि मी ते पान मराठीत वाचून दाखवलं. तो खाली बघून ऐकत होता.

"समद्याच बहिणी माफ करत्यात, आपा," तो म्हणाला. "अम्मीनंबी मामूला केलतं."

"जे हातात आलंच न्हाई ते माफ कसं करू, युनूस? आधी दे. मंग माझं मी बघते."

"लोकं काय म्हणतील? बहीण कोर्टात गेल्यावानी वाटंल. मायेर तुटतं असं केलं की."

तेव्हा तुम्ही माझ्याकडं हात केलात. "बाईंनी घेतला की. पुरा बरोबरीचा. त्यांचा दत्ता दर भाऊबीजेला येतो. तुटलं का त्यांचं मायेर?"

युनूसनं माझ्याकडं बघितलं. तुम्हीही. मला एवढंच म्हणायचं होतं की थांबा, माझं चुकलं. मी मान डोलावली. नाही तुटलं, अशी.

तो मौलानांकडं गेला. त्यांनी तुमच्याच बाजूनं सांगितलं : वाटा तिचा आहे, दबावाखालच्या माफीला माफी म्हणत नाहीत, आणि अल्लाह जास्त जाणतो. युनूसनं वाटा दिला. भांडला नाही, आवाज चढवला नाही. डोंगराच्या अंगाच्या सीताफळांच्या पाच रांगा तुमच्या नावावर झाल्या. आणि त्यानंतर तो केजला आला नाही. दोन वर्षं. चारी ईदा गेल्या. तुम्ही शीरखुर्म्याची एक वाटी झाकून वेगळी ठेवायच्या, आणि संध्याकाळी ती भिंतीवरून माझ्याकडं यायची. मी ती खायची. तुम्ही म्हणायच्या, "तुमच्या दत्ताचं मन मोठं हाय, बाई. माझ्या युनूसचं न्हाई झालं तेवढं." मी वाटी धुऊन भिंतीवरून परत द्यायची.

सांगितलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी या अकरा दिवसांत उलटा-सुलटा करून पाहिला. तुम्ही रागावला असता, चार दिवस आला नसता. चार दिवसांचा राग आपल्याला नवा नव्हता. मोराच्या पिसाचं भांडण तेवढंच चाललं होतं.

ते पीस तुमच्याकडं शिकणाऱ्या एका पोरीनं नायगावहून आणून दिलेलं. पोरी कुराणात मोरपीस ठेवतात, खुणेला. बायकांच्या त्याच प्रकरणात थोडं पुढं नवरा-बायकोच्या बेबनावाचा मजकूर आहे. आधी समजवा, मग अंथरूण वेगळं करा, आणि मग आपल्या भाषांतरात सरळ लिहिलंय, मारा. मी वाचताना अडखळले. तुम्ही तीन ठिकाणी विचारलंत. एकानं सांगितलं, नुसतं नावापुरतं, इजा होता कामा नये. मौलाना म्हणाले, प्रेषितांनी स्वतः कधी बायकोवर हात उचलला नाही, ज्याला त्यांच्या मागं जायचं त्यानं ते बघावं. अंबाजोगाईच्या एका शिकलेल्या बाईनं सांगितलं, आताचे काही अभ्यासक तिथं मारण्याचा अर्थच घेत नाहीत, दूर होण्याचा घेतात. मी म्हटलं, "आपा, सरळ म्हणा ना की हे पटत नाही."

तुम्ही ताडकन उठलात. "पटत न्हाई म्हणाया आधी मला समजाया पायजे. तुमी दाराबाहीर उभ्या हायत, तुमाला सोपं हाय. माझं घर हाय ते."

पाचव्या दिवशी तुम्ही आलात, पीस त्या पानात ठेवलंत आणि म्हणालात, "हितं परत यायचं. तिन्ही उत्तरं ऐकली, मन भरलं न्हाई." पुढं आपण लाल दोऱ्याची खूण घालून वाचत राहिलो, पण पीस तिथून हललं नाही. तुमचं बरोबर होतं का माझं, मला अजून ठरवता येत नाही. पटत नाही हे मी आजही म्हणते. पण समजून घेतल्याशिवाय म्हणायचं नाही, हेही आता मला पटतं, आणि दोन्ही एकदम कसं पटतं हे विचारायला तुम्ही नाहीत.

तुम्ही गेलात त्या सकाळी मी तुमच्या घरी बायकांत बसले होते. युनूस आला. कुणाशी बोलला नाही, सरळ पुरुषांत जाऊन खांदा दिला. तिसऱ्या दिवशी तुमच्या घरी कुराण वाचायला बायका जमल्या. तीस भाग वाटून घेतले, एकेकीनं एकेक. तुमची सून माझ्याकडं येऊन म्हणाली, "बाई, तुमच्या मराठीतलं तुमी वाचा. अम्मीला आवडंल." मी घरून आपला ग्रंथ आणला आणि कोपऱ्यात बसून चौथा भाग मराठीत, मनातल्या मनात वाचला. सगळ्या डुलत होत्या. मीही डुलायला लागले होते, हे मला नंतर कळलं.

त्याच दुपारी, बरोबर तीनला, युनूस माझ्या दारात उभा. हातात सीताफळांची पाटी.

"आपाच्या झाडांची हायत," तो म्हणाला. "समदी राखली मी. पाणी घातलं, फवारणी केली. तिला द्यायला यावं म्हणून दोनदा एसटीत बसलो, अन् अर्ध्या वाटंत उतरून माघारी गेलतो."

मी त्याला आत बसवलं. चहा दोन कप होताच. कप हातात घेऊन तो म्हणाला, "ते पान परत वाचता का?"

मी वाचलं. या वेळी पुढचं वाक्यही वाचलं. आई-बाप असोत की लेकरं, त्यांतलं कोण तुमच्या जास्त जवळचं, जास्त उपयोगाचं, हे तुम्हाला कळत नाही, अशा अर्थाचं. त्यानं ते पुन्हा वाचायला लावलं.

"बाई, येक इचारू? तुमच्या दत्तानं कसं दिलं? मनातनं दिलं का?"

"का विचारतोस?"

"मी दिलं, पर मन साफ न्हवतं. आतून जळायचं. अन् वाटायचं, बाईंचा भाऊ बघा, देऊनशानी हसत भाऊबीजेला येतो. मला जमंना. त्याची शरम वाटायची. तसल्या मनानं आपासमोर कसं यावं?"

"म्हणजे तू रागावला नव्हतास?"

"राग पैल्या महिन्यात गेलता. शरम ऱ्हायली."

आपा, मग मी सांगितलं. सगळं. आप्पा गेल्यावर केलेली सही, साडी, हॉटेलातलं जेवण, त्या दुपारचं 'घेतला ना', आणि त्याच्यासमोर डोलावलेली मान. दत्तानं काही दिलेलंच नाही, म्हणून तो हसत येतो, हेही सांगितलं. तुमच्या समोर जे दोन वर्षांत निघालं नाही ते तुमच्या भावासमोर पाच मिनिटांत निघालं.

युनूसनं कप खाली ठेवला. मला वाटलं, आता उठेल, पाटी उचलेल आणि जाईल. मला तेच हवं होतं बहुतेक.

तो म्हणाला, "मंग आपा येकटीच होती."

बस, एवढंच. त्यात राग नव्हता. मला माफ कर म्हणायची सोयही नव्हती, कारण माफी तुमच्याकडची, आणि तुम्हीच सांगून ठेवलंय, हातात नसलेलं माफ करता येत नाही. जाताना तो दारात थांबला आणि म्हणाला, दर रविवारी दुकान बंद असतं, तीनला आलं तर चालंल का, मला पैल्यापासून ऐकायचंय. मी म्हटलं, ये, पण मोरपिसाच्या पानाला मी हात लावणार नाही, ते तुझ्या बहिणीचं आहे. तो म्हणाला, तिथवर तर जाऊ.

मी तुमच्यावर हुकमत गाजवली, तुम्हाला हिणवलं, आणि तुमच्याशी खोटं बोलले. तरी तुम्ही मला रोज तुमच्या घराचं दार उघडून आत घेत राहिलात. तुमची मला फार आठवण येते, आपा. हे सरळच लिहिते, याला भाष्य नको.

दिवाळी तोंडावर आली आहे. काल मी दत्ताला फोन केला. म्हटलं, दोन-अडीच वर्षांपूर्वी तू मला एक ओळ पाठवली होतीस, तिच्या मागची आणि पुढची ओळ मला तुला वाचून दाखवायची आहे, आणि त्याच पुस्तकातलं आणखी एक पान. भाऊबीजेला ये. पण या वेळी साडी आणू नकोस.



"कावून गं, ताई?" दत्तानं विचारलं.

मी खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.